रोजनिशीचा दुसरा भाग

कुंदाबाईंनी पिशवीतून जाडजूड पुस्तक काढून गादीवर ठेवलं. पहिलं पान पाहताच पारसमल शेठजी बसल्या जागी ताठ झाले.

“हा तर दुसरा भाग! बाई, तुम्हाला मिळाला कुठे?”

“सांगते. आधी नीट बघून तर घ्या.”

शेठजींचं जळगावात किराणा दुकान, आणि डोक्यात दक्षिण ध्रुवाचं खूळ. माडीवरच्या दोन कपाटांत ध्रुवावर गेलेल्या लोकांची पुस्तकं, एका जहाजावरचा बिस्किटांचा रिकामा डबा, गाडी ओढणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यातली घंटा. मे महिन्यात गाव उन्हानं भाजून निघायचं, तेव्हा हा गृहस्थ गादीवर बर्फात हरवलेला. गिऱ्हाईक, वजन, पुड्या सगळं दुकानातला नोकर हिलाल बघे. “बर्फच हवा तर गोळेवाल्याला बोलावते की,” धनकुंवरबाई नवऱ्याला चिडवत.

पुस्तकं येत धुळ्याहून, चुडामण रद्दीवाल्याकडून. त्याला इंग्रजी ओ की ठो कळत नसे, पण चित्रं बघून पुस्तक ओळखायची शेठजींनी सांगितलेली खूण तो इमानानं पाळे. “जहाज शे, बरफ शे, म्हंजे तुमनंच शे,” म्हणत पुस्तक फडक्यात बांधून वेगळं पाठवी. दुकानात पुड्यांना लागणारी रद्दीही त्याचीच. त्यातही शेठजींचा नेम कडक. ज्या नागरी अक्षरांत धर्मग्रंथ लिहिले, त्यांत मिरची बांधायची म्हणजे आशातना, ज्ञानाचा अपमान. म्हणून रद्दी यायची ती फक्त इंग्रजी. अक्षराचा एवढा मान राखणारा माणूस गावात दुसरा नव्हता.

एका कप्तानाच्या रोजनिशीच्या ह्या दुसऱ्या भागासाठी मात्र ते अकरा वर्षं झुरत होते. पहिल्या भागाच्या शेवटी कप्तान आपली तीन माणसं बर्फावर सोडून मदत आणायला निघतो. तो परत आला का? तिघं वाचले का? मुंबई-कलकत्त्याला पत्रं घालून झाली, उत्तर नाही. मागच्या रविवारी वाचनालयात त्यांनी आपला संग्रह मांडला, तिथंही हेच दुःख बोलून दाखवलं. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या कुंदाबाई ते ऐकायला आल्या होत्या.

शेठजी पानं उलटू लागले. चित्र एकही नव्हतं, नुसता मजकूर. प्रत्येक पानावर आडव्यातिडव्या घड्या, कुठं पिवळे डाग. जाड दोऱ्यानं शिवून वर खणाचं कापड लावलेलं. वास ओळखीचा वाटला, पण किराणा दुकानात बसून कुठला वास वेगळा कळणार?

“फार हाल केलेत कुणी तरी ह्याचे,” ते कळवळून म्हणाले. “पुस्तकाला असं वागवतात? मनाची तरी वाटायला हवी.”

कुंदाबाईंनी खणाच्या कापडावरून हात फिरवला.

“शिवलं मीच. एकेक पान इस्त्री फिरवून सरळ केलं. आमचे हे गेले तेव्हा मला इंग्रजीची फक्त अक्षरओळख होती. शब्दकोश घेऊन दीड वर्ष हेच वाचत बसले. मॅट्रिक झाले, नोकरी लागली. हे सगळं तुमच्यामुळे, शेठजी. आज आभार मानायलाच आले.”

वाचनालयाला आपण पुस्तकांचं कपाट दिलं होतं, ते शेठजींना आठवलं. त्यांचे डोळे भरून आले.

“आभार मी मानायचे, बाई. हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.”

मग त्यांना धीर निघेना. त्यांनी शेवटच गाठला. पान दोनशे बारा. कप्तानाची होडी बर्फाच्या काठाला लागते, दूरवर काहीतरी काळं दिसतं. पुढचं पान दोनशे एकोणतीस, आणि तिथून नुसती नावांची सूची.

“मधली पानं?”

कुंदाबाईंचा चेहरा पडला.

“तेवढीच नाहीत हो. तेव्हा मी पहूरला माहेरी गेले होते. एरवी तुमच्या दुकानची पुडी सोडली की गल्लीतल्या बाया कागद माझ्यासाठी ठेवायच्या, त्या आठवड्यात त्यांनी ते चुलीत घातले.”