उन्हाची पाळी

सकाळी इमारत फिरता फिरता थांबली, तेव्हा हेरंब बोरवणकरांना वाटलं, यंत्र बिघडलं. चहूबाजूंच्या टॉवरांमधल्या एकाच फटीतून ऊन यायचं आणि खाडी दिसायची. म्हणून इमारत संथपणे फिरे आणि प्रत्येक बाजूच्या घरांना पाळीपाळीने उजेड मिळे. बोरवणकरांची पाळी दुपारची. तेव्हा त्यांची पत्नी कुमुद औषधाच्या गुंगीत असे. आजारपणानंतर ती समोरची काँक्रीटची भिंत बघत बसून राही. बोलणंच सोडलं होतं तिने.

आज मात्र कोवळं ऊन थेट तिच्या पलंगावर आलं होतं.

त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरी रुखसानाबाईंना फोन लावला. "मशीन अडकलंय का हो?"

"नाही काका. तुम्हीच लिफ्टमध्ये म्हणालात ना, डॉक्टरांनी काकूंना सकाळचा उजेड सांगितलाय? काकू बऱ्या होईपर्यंत आमची सकाळ तुमची."

"अहो, पण पलीकडच्या बाजूला ती बाळंतीण आहे. बाळाला ऊन लागतं."

"तिनेच तर सुचवलं."

हेरंबरावांनी हळूच फोन ठेवला.

इतक्यात मागून आवाज आला. कुमुद उठून खिडकीशी उभी होती.

"अहो, भरती आलीय," ती म्हणाली. "इकडे या ना बघायला."