भिंतीलगतचा कांचन

"बुंध्यातनंच घाल रं कोयता, बजरंगा," मालनबाईंनी फर्मावलं.

बजरंग घुटमळला. "आक्का, झाड शेजारच्या आनंदीबाईंचं हाय."

"त्यांचं? लावलंय कुणी?"

लावलं होतं मालनबाईंच्या नवऱ्यानं, रावसाहेबांनी. तीच तर आग होती. तीन वर्षांमागं ही नारायण पेठेतली एकटी बाई बाणेरला शेजारी राहायला आली काय, आणि जन्मभर ज्वारी पेरलेला गडी तिच्या अंगणात फुलझाडं लावत सुटला काय! तीही सगळी भिंतीलगत, मालनबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. चैत्रात मोगरा, वैशाखात ताम्हण, जेठात अनंत, भादव्यात पारिजातक, मार्गशीर्षात कोरांटी. एक सरलं की दुसरं हजर. जळायलासुद्धा उसंत नाही.

मालनबाईंच्या दारात मात्र तुळस आणि कढीपत्ता. "ज्याचा वास आमटीला लागत न्हाई, ते झाड कशाला?" असं त्यांनीच नवऱ्याला सुनावलं होतं, हे खरं. म्हणून काय दुसरीकडे लावायचं?

रावसाहेब अचानक गेले, त्याला वर्ष झालं. तेव्हापासून मालनबाई ना भजनाला गेल्या, ना कुणाच्या लग्नाला. पाऊल बाहेर पडायचं ते भिंतीपर्यंत, नवं काही फुललं की त्या बाईला चार शब्द ऐकवायला. आता माघात कांचन गुलाबी फुलांनी लगडला, तेव्हा शब्दांवर भागेना.

आनंदीबाई चष्मा पुसत बाहेर आल्या. "या मालनबाई. कोरांटीनंतर आजच दर्शन."

"झाड तोडतीया. मुळापासनं."

"तोडा. कचरा मीच काढते. फुलांनी मला शिंकाही येतात."

"मग लावू कशाला दिलंत? चहात काय घालत हुता आमच्या मालकांच्या?"

"साखरसुद्धा नाही. डॉक्टरांनी बंद केली होती."

मालनबाई थबकल्या. "कसला डॉक्टर?"

"हृदयाचा. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते."

"अन् तुमास्नी बरं सांगितलं!" त्यांचा आवाज फाटला. "मी बायकू त्यांची. तुमी कोण?"

"मी कुणीच नाही. झाडांसाठी जागा मागायला ते माझ्याकडे आले, तेव्हा कारण सांगावं लागलं त्यांना."

"कसलं कारण?"

आनंदीबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"म्हणाले, 'मी गेल्यावर आमची मालन उंबऱ्याभाईर पडायची न्हाई. तुमच्याकडं काहीतरी फुलत राहू द्या, बाई. भांडायला तरी येईल.'"