दुसऱ्याच्या घरचा प्रश्न

चिठ्ठी उघडली आणि तिला हायसं वाटलं. प्रश्न ओळखीचा होता.

खोली तरणतलावाच्या वरच्या मजल्यावर होती. दुपार कलली की पाण्यावरचं ऊन छतावर चढायचं आणि तिथे हलत राहायचं. खालचे आवाज कुठल्या तरी दूरच्या गावाहून आल्यासारखे यायचे. दर गुरुवारी सात-आठ जण इथे गोल करून बसत. घरी कुणाचा भाऊ आजारी, कुणाची बायको, कुणाची लेक. आजार सगळ्यांकडे एकच, स्किझोफ्रेनिया. डॉक्टर कुणीच नव्हतं. बैठक चालवायचा एक निवृत्त बसकंडक्टर. आजारी बायकोला त्याने वीस वर्षं सांभाळलं होतं.

पद्धत त्याचीच. घरच्यांनी दाराबाहेरच्या पेटीत निनावी चिठ्ठी टाकायची. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कंडक्टर त्या सगळ्या टाइप करून पुढच्या गुरुवारी वाटायचा. हाती येईल तो प्रश्न सोडवायचा: काय काय करता येईल, त्यातलं एक कोणतं, कसं, कधीपासून.

"बसमध्ये बसलेल्याला आपल्या बसचा नंबर दिसत नाही," तो म्हणायचा. "तो बाहेरच्यानेच वाचायचा. चला, पुढे सरका."

तिने दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. तिचा मुलगा बाकावर बसला होता. घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून ती त्याला दर वेळी बरोबर आणायची. चौदा महिने त्याची तब्येत चांगली होती. औषधं तो स्वतः घ्यायचा. परवा एका रोपवाटिकेच्या बाईंनी त्याला कामाला बोलावलं होतं. रोपांना पाणी घालायचं, कुंड्या भरायच्या. उद्या सकाळी आठला हजर, नाहीतर दुसऱ्या कुणाला घेणार. दोन बस बदलून, एकट्याने. आज घरी गेल्यावर बाईंना फोन करून नाही म्हणायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं. त्याला तेवढं अजून सांगितलं नव्हतं.

ती पुन्हा चिठ्ठीकडे वळली.

"घरातलं माणूस माझ्यावर पाळत ठेवतं. मी किती खाल्लं ते वहीत लिहितं. खिसे तपासतं. आंघोळीला वेळ लागला की दाराला कान लावतं. मी बाहेर पडलो की मागोमाग येतं आणि वळून पाहिलं की दुकानाच्या काचेत बघत उभं राहतं. रात्री झोपत नाही. मला राग येत नाही, वाईट वाटतं. काय करू?"

बिचारं आजारी माणूस, असं तिच्या मनात आलं. हा संशय तिला तोंडपाठ होता. सुरुवातीला मुलालाही वाटायचं, समोरच्या खिडकीतून कुणीतरी आपल्याला बघतंय. तिने लिहायला घेतलं. ती कपबश्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. दिवसभर लाकडी दांडीने कप वाजवायचे. तडा असला की आवाज बसका येतो. झोप झालेली नसली की तो नाद कानात तरंगत राहायचा. आत्ताही तरंगत होता. छतावरचं पाणी हलत होतं आणि पेन आपोआप चाललं होतं, जणू दुसरंच कुणी सांगत होतं आणि ती उतरवून घेत होती.

"ताई, पेपर सोडवताय की काय?" शेजारचा न्हावी म्हणाला. त्याचा भाऊ आजारी होता. "पुरवणी हवी का?"

"गप्प बसा हो. तुमचा प्रश्न आला असता तर दोन ओळींत उरकला असता."

हसणं पाण्यासारखं खोलीभर पसरलं. तिची पाळी आली. तिने आधी चिठ्ठी वाचली, मग आपलं उत्तर.

"या माणसाशी वाद घालू नका. ते वाईट नाही, घाबरलेलं आहे. आपली नजर हटली की काहीतरी होईल, असं त्याला वाटतं. मी तीन उपाय लिहिलेत. एक, दाराला आतून कडी लावणं. दोन, घर सोडून जाणं. हा आपला उगाच लिहिला. तीन, सांगून नजरेआड जाणं आणि सांगितलेल्या वेळी परत येणं. मी तिसरा निवडला. भरवसा समजावून येत नाही. तो रोज थोडा थोडा..."

दार वाजलं. मुलगा आत आला होता.

"काय रे? बरं वाटत नाही का?" ती अर्धवट उठली.

"बरा आहे. ती चिठ्ठी माझी आहे."

कंडक्टरने चष्मा काढून पुसला.

"राजा, ती पेटी घरच्यांसाठी आहे," तो हळूच म्हणाला.

"मग मी कुठला?"

न्हाव्याने शेजारची रिकामी खुर्ची ओढून दिली. मुलगा बसला. वही, खिसे, दुकानाची काच. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहायचं ठरवलं असतं तरी डोळ्यांपुढे नुसतं ऊन होतं.

"पुढचं वाच ना, आई. छान लिहिलंयस."

"कसं," तिने वाचलं. आवाज बसका आला. "कुठे जाताय ते सांगा. किती वाजता येणार ते सांगा. निघताना ते माणूस दारात उभं राहील. त्याला उभं राहू द्या, पण थांबू नका."

पुढे एकच ओळ उरली होती. ती लिहिताना तिला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता.

"आणि कधीपासून?" कंडक्टरने सवयीने विचारलं.

तिने कागद नीट धरला.

"उद्यापासून."