चारच्या फोनवाल्या आजी

एकट्या पडलेल्या वृद्धांचे फोन ऐकणाऱ्या संस्थेची प्रसिद्धी तो सांभाळायचा. फोनवरच्या ताई टिपण द्यायच्या आणि तो नाव-गाव बदलून त्याची गोष्ट करायचा. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी काढण्यात त्याचा हातखंडा होता. मुलाला बोलायला वेळ नाही म्हणून रोज दुपारी चारला फोन करणाऱ्या एका आजींवर तर त्याने दोन वर्षं संस्थेचं पत्रक चालवलं.

रात्री जेवता जेवता तो मसुदा आईला वाचून दाखवायचा. मायलेकांचं बोलणं काय ते तेवढंच.

"त्या मुलाला एवढं वाईट नको रे दाखवूस," आई दरवेळी म्हणायची. "कामात असेल बिचारा."

आई गेली. पंधरा दिवसांनी तो कामावर आला, तर वार्षिक अहवाल तोंडावर आलेला. त्याने ताईंकडे त्या आजींची चौकशी केली.

"हल्ली फोनच नाही हो त्यांचा," ताई म्हणाल्या. "पण शेवटच्या फोनवर तुमच्यासाठी निरोप ठेवलाय. ऐका."

त्यांनी रेकॉर्डिंग लावलं.

 

"त्या लिहिणाऱ्याला सांगा, माझ्या मुलाला एवढं वाईट नको दाखवूस म्हणावं. कामात असतो बिचारा."