मास्तर तिथून हलेनात

मास्तरांचा लेख पुन्हा उडाला, तसं बागेतल्या बाकावर त्यांचं अभिनंदन सुरू झालं.

"किती वेळ टिकला?" डॉक्टरांनी विचारलं. डॉक्टर निवृत्त झाले होते, पण कशाचीही चौकशी पेशंटची केल्यासारखीच करत.

"दुपारपर्यंत," मास्तर म्हणाले. "नगराध्यक्षांनी एकाच पुलाचं तीनदा उद्घाटन केलं. मी त्यांच्या चिकाटीचं कौतुक केलं, एवढंच. 'पदावरील व्यक्तीची खिल्ली' म्हणून ॲपवाल्यांनी उडवला. वर नोटीस. आता आणखी एक जरी उडाला, तरी खातं कायमचं बंद."

हे सांगताना मास्तरांची मान अशी ताठ होती, की सत्काराला उभे आहेत असं वाटावं.

त्यांच्या भाच्याला हे बघवत नव्हतं. भाचा कॉम्प्युटरमधला. त्यानं मित्रांबरोबर एक मोकळी साइट काढली होती. तिला मालक नव्हता, नोटिसा नव्हत्या, तिथं कुणाचं काही उडवलं जात नव्हतं. संध्याकाळी तो मामांच्या घरी येऊन ठाण मांडून बसला.

"मामा, तुमचा अख्खा बाक आमच्याकडे आला. डॉक्टरकाकासुद्धा. तुम्हीच तेवढे त्या तुरुंगात."

"आलो होतो की तुझ्याकडे. हाच पुलाचा लेख टाकला होता."

"मग? उडवला कुणी?"

"नाही ना. खाली डॉक्टरांनी 'सुप्रभात' लिहिलं. लेख संध्याकाळी टाकला होता."

आतून मामी हसल्या. "अरे, ह्यांचा जन्म पेपर तपासण्यात गेला. लाल शाई दिसल्याशिवाय ह्यांना घास उतरत नाही."

"पण तिथं यंत्र तपासतं, मामी! मामांच्या टकलाचा फोटो त्यानं अश्लील म्हणून काढून टाकला होता."

"ते पूर्वी," मास्तर म्हणाले. "हल्ली माणूस बसवलाय. वाचणारा माणूस. मी जिथं चिमटा काढतो, बरोबर तिथंच बोट ठेवतो. एकदासुद्धा चुकला नाही. मानलं पाहिजे."

"तुम्ही सेन्सॉरला मानताय?" भाच्यानं कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. मास्तरांची मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तिनंही भाच्याचीच बाजू उचलून धरली. "बाबा, जा ना दादाच्या साइटवर. माझ्यासाठी जा. तुमचा लेख उडाला की माझा सगळा दिवस खराब जातो."

"तू वेळेवर जेवतेस ना? डोळ्यांना ताण देऊ नकोस."

"विषय बदलू नका, बाबा."

"बघ, लगेच पकडलंस," मास्तर म्हणाले आणि खुशीत हसले.

त्यानंतर मास्तर एकाच लेखावर दिवसच्या दिवस बसून राहिले. लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. शेवटचा ठरला तर ठरला, पण ह्यात कुठंही टोक दिसता कामा नये, असं त्यांनी मामींना सांगून टाकलं.

लेख होता त्यांच्या शाळेच्या कार्यालयातल्या कुंडीतल्या झाडावर. वीस वर्षांत त्या झाडाचं एक पान गळलं नाही. त्याला पाणी घालायला एक शिपाई होता आणि खाली वाहून आलेलं पाणी पुसायला दुसरा. पाहुणे आले की झाडाच्या टवटवीतपणाचं कौतुक करत. झाड ते शांतपणे ऐकून घेई.

बाकावर लेख वाचला गेला.

"गोड आहे," डॉक्टर म्हणाले. "निसर्गावर आहे. ह्याला मरण नाही."

"कुठं काही बोचलं?" मास्तरांनी विचारलं.

"छे हो. झाड काय बोचणार?"

भाच्यानंही वाचला. "घाबरलात ना मामा शेवटी? तुमच्यासारख्या माणसानं कुंडीवर लिहायचं?"

मास्तरांना याहून मोठी पावती नको होती. त्यांनी लेख ॲपवर टाकला.

दुपार झाली, लेख होता. संध्याकाळ झाली, लेख होताच. लोकांनी खाली फुलं वाहिली, हात जोडले. खुद्द नगराध्यक्षांनी बदामाचं चिन्ह दिलं आणि लिहिलं, 'पर्यावरणावर असंच लिहीत राहा.'

मास्तरांचा चेहरा मात्र उतरत गेला. चहाही नको म्हणाले.

"खातं वाचलं की तुमचं," मामी म्हणाल्या. "मग तोंड का असं?"

"सुटला असेल नजरेतून," मास्तर पुटपुटले. "दिवसाला ढीग येत असेल. एखादा सुटायचाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बुटांच्या नाड्या बांधत होते, तेव्हा मोबाइल वाजला. लेख उडाला होता. खातं कायमचं बंद झालं होतं.

डॉक्टर आणि भाचा सांत्वनाला धावत आले, तर मास्तर एकेकाच्या हातात आइस्क्रीमची वाटी ठेवत होते.

"काल बदाम आणि आज हे?" डॉक्टर संतापले. "आता झाडाचीसुद्धा भीती वाटायला लागली का ह्यांना?"

"धडधडीत अन्याय आहे, मामा. आपण सह्या गोळा करू."

"अन्याय कसला? मी इतकी वर्षं पेपर तपासले, पण असं तपासणं मलाही जमलं नव्हतं. खा, वितळतंय."

फोन वाजला. मामींनी तो स्पीकरवर टाकला. मुलीचा आवाज बसलेला होता.

"बाबा, रागावलात?"

"आधी कारण सांग," मास्तर म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"वीस वर्षांत एक पान गळलं नाही, म्हणजे झाड प्लास्टिकचं. आणि वीस वर्षं नगराध्यक्षांच्या खुर्चीत कोण आहे, हे आपल्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे." तिनं नाक ओढलं. "इथं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, बाबा. काल माझी सुट्टी होती. आज कामावर आल्या आल्या मीच उडवला."