चहाकडची माणसं

“आलीस का गं शेवटी! विमानात डोळा तरी लागला का?”

ज्येष्ठांच्या केंद्रात तिने पाऊल टाकलं आणि एका ठेंगण्या बाईंनी तिचा हात धरला. गळ्यात अजून मोजपट्टी होती. आईच्या बोलण्यातल्या शिंपीणबाई त्या याच. आई जाऊन तीन आठवडे झाले होते. इथल्या कपाटात राहिलेली आईची पिशवी घेऊन ती पाच मिनिटांत निघणार होती.

“विमानात?”

“फोटोवरून ओळखलं मी तुला. आई गेल्याचं आम्हाला कळलं दोन दिवसांनी, नाहीतर तेव्हाच भेट झाली असती. किती सांगायची तुझं! लेक परदेशी, मोठ्या हुद्द्यावर. आम्ही म्हणायचो, लाव की फोन, आम्हालाही बोलू दे जरा. तर म्हणायची, ‘आत्ता तिकडे मध्यरात्र असेल. झोपू दे पोरीला.’”

तिचं घर इथून चालत बारा मिनिटांवर होतं.

सभागृहात खुर्च्या मांडणं चाललं होतं. महिन्याचा शेवटचा शनिवार. सभासद इथे जे काही शिकले असतील, एखादं गाणं, कागदाची फुलं, खुर्चीत बसल्या बसल्या करायचे व्यायाम, ते घरच्या माणसांना बोलावून दाखवायचं. आईचे फोन तिला आठवले. ‘शनिवारी चारला मोकळी आहेस का गं? नाही, सहज विचारलं.’ आई सहज विचारायची म्हणून तीही सहज नाही म्हणायची.

“ज्यांचं कोणी येतं ते पुढे बसतात,” शिंपीणबाई सांगत होत्या. “ज्यांची मुलं परदेशी, ती मंडळी चहाकडे. रिकाम्या खुर्चीशेजारी तोंड पाडून बसायला नको कुणाला. तुझी आई चार वर्षं चहाकडेच.”

“आणि ज्यांची मुलं गावातच असतात... पण येत नाहीत?”

शिंपीणबाईंनी एक खुर्ची ओळीत सरकवली, ती सरळ आहे का ते वाकून पाहिलं.

“असं कोणीच नाही बाई आमच्यात.”

“मावशी, मी खरं तर...”

“खरं तर दमली असशील. बस इथे.” पहिल्या रांगेत दोन खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. एकीवर आईच्या नावाची चिठ्ठी चिकटवली होती. “ती म्हणायची, लेक येईल तेव्हा मी पुढे बसणार, चहा तुमचा तुम्ही बघा. आज तू येणार असं कळलं, म्हटलं, बोलल्याप्रमाणे होऊ दे तिचं.”

ती त्या खुर्चीकडे बघत राहिली. सांगून टाकलं असतं तर तिला स्वतःला हलकं वाटलं असतं, आणि आई एवढ्या लोकांत खोटी पडली असती.

“मी चहाकडे थांबते,” ती म्हणाली. “तिचं काम आहे ना ते.”

चहाच्या टेबलाशी एक उंच, वाकलेले गृहस्थ किटली धरून उभे होते. दुकान बंद करून दहा वर्षं झाली तरी सगळे त्यांना घड्याळजीच म्हणत. प्रत्येक कपात ते मोजून मापून सारखा चहा ओतत होते.

“बिनसाखरेचे डावीकडे,” ते म्हणाले. “उलटसुलट झाले तर उद्या अख्खी रांग रक्त तपासायला.”

तिने कप लावायला घेतले. पुढे गाणं सुरू झालं. कुणाचा तरी सूर चुकला, कुणाच्या तरी नातवाने टाळी वाजवली, सगळे हसले. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या तशाच होत्या.

“तुमचंही कोणी बाहेर असतं?” काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं.

“मुलगा.”

“कुठे?”

घड्याळजींनी आधी कप भरून घेतला. मग शिंपीणबाई लांब आहेत ना ते पाहिलं.

“तुमच्याच इमारतीत. चौथ्या मजल्यावर.”

तिने हातातला बिनसाखरेचा कप उजवीकडे ठेवला. त्यांनी तो उचलून डावीकडे ठेवला.

“तुमच्या आईला माहीत होतं. मलाही त्यांचं माहीत होतं. येताना आम्ही दोघं तुमच्या इमारतीवरूनच यायचो ना.” त्यांनी पुढच्या कपात चहा ओतला. “तुमचं फाटक आलं की त्या म्हणायच्या, ‘जरा भरभर चला हो. खिडकीतून पाहिलं कुणी, तर उगाच वर बोलवावं लागेल बिचाऱ्यांना.’”