दोनचं माप

"हिरवा चुडा द्या, दोनच्या मापाचा," शैलजाबाई म्हणाल्या. तीन वर्षांनी त्या कासारणीच्या दुकानाची पायरी चढल्या होत्या. एरवी मोबाइलवरून मागवलं की बांगड्या परस्पर लेकीच्या सासरी पोचायच्या. या खेपेला तिथे ते माप संपलं होतं.

कासारीण हसली. "कुणाच्या चिमुरडीला?"

"चिमुरडी कुठली! आमच्या मृणालला."

कासारणीचा हात डब्यावरच थांबला. "लग्नात मीच भरल्या होत्या तिला, अडीचच्या. त्याही साबण लावून चढल्या. लग्नानंतर बाईचा हात भरतो, ताई. आटत नाही."

शैलजाबाईंनी मोबाइलवर जुन्या ऑर्डरी काढल्या. पहिल्या श्रावणात अडीच, दुसऱ्या श्रावणात सव्वादोन. "यायला सवड नाही, आई. यंदा जरा लहान पाठव," एवढंच लेक कळवायची. प्रत्येक ऑर्डरीखाली हिरवी खूण होती: पार्सल सुखरूप पोचलं.

कासारणीने अंगठ्याला बोट जुळवून दोनचं कडं केलं आणि त्या पोकळीकडे बघत राहिली. मग तिने डबा बंद केला.

"बांगड्या राहू द्या, ताई. आधी पोरीला घेऊन या."